बर्बनच्या लेबलावरील शब्द कुठून आले?

१/९
अमेरिकेतील बर्बन व्हिस्कीच्या बाटलीवर ‘स्ट्रेट’, ‘बॉटल्ड इन बाँड’ असे शब्द आढळतात. ते जाहिरातीचे वाटले, तरी त्यांना कायद्याने ठरवून दिलेला अर्थ आहे. तो अर्थ ठरवण्याची वेळ का आली, ते या थ्रेडमध्ये पाहू.

२/९
डिस्टिलरीतून निघालेली व्हिस्की रंगहीन असते. आतून जाळलेल्या ओकच्या पिंपात काही वर्षे मुरल्यावर तिला तांबूस रंग आणि गोडसर चव येते. या काळात उत्पादकाचे भांडवल अडकते आणि पिंपातील काही मद्य हवेत उडून जाते. मुरवणे हा खर्चिक व्यवहार आहे.

३/९
हा खर्च टाळण्याचा मार्ग एकोणिसाव्या शतकातील ‘रेक्टिफायर’ व्यापाऱ्यांना सापडला होता. त्यांच्यापैकी अनेक जण स्वस्त, चवहीन मद्यार्कात जळकी साखर, फळांचा रस आणि प्रसंगी तंबाखूही मिसळून ‘जुनी व्हिस्की’ विकत. व्हिस्की बहुधा पिंपातूनच विकली जाई. तिचे मूळ ओळखण्याचे साधन गिऱ्हाइकाकडे नव्हते.

४/९
केंटकीतील उत्पादक कर्नल एडमंड हेन्स टेलर यांनी याविरुद्ध आघाडी उघडली. मूळचे केंटकीचेच असलेले अर्थमंत्री जॉन कार्लाइल त्यांच्या पाठीशी होते. ३ मार्च १८९७ रोजी ‘बॉटल्ड इन बाँड’ कायदा झाला. एक डिस्टिलरी, एक हंगाम, सरकारी देखरेखीखालील गोदामात किमान ४ वर्षे आणि बाटलीत ५० टक्के मद्यार्क, या त्याच्या अटी होत्या. त्या पाळणाऱ्या बाटलीवर सरकारी पट्टी लागे.

५/९
ही हमी सरकारने का द्यावी? ‘बाँड’चे गोदाम मुळात करवसुलीसाठी होते. माल तेथे असेतो, ठरावीक मुदतीपर्यंत, कर भरावा लागत नसे. म्हणून त्याला सरकारी कुलूप. महसूल बुडू नये म्हणून लावलेले हे कुलूपच पुढे शुद्धतेची ग्वाही ठरले. टेलर यांचा व्यापारी स्वार्थही त्यात होताच.

६/९
१९०६ च्या शुद्ध अन्न व औषध कायद्यानंतर नवा वाद उभा राहिला : ‘व्हिस्की’ म्हणावे तरी कशाला? १९०९ मध्ये खुद्द राष्ट्राध्यक्ष टाफ्ट यांनी निवाडा दिला. धान्यापासून केलेल्या चवहीन मद्यार्काची व्हिस्कीही व्हिस्कीच. मात्र ती कशाची आहे, हे लेबलावर सांगितले पाहिजे.

७/९
१९२० ते १९३३ या दारूबंदीनंतर आजचे नियम आकारास आले. बर्बनच्या धान्यात किमान ५१ टक्के मका हवा आणि ती ओकच्या नव्या, आतून जाळलेल्या पिंपातच मुरवावी लागते. १९६४ मध्ये अमेरिकी काँग्रेसने बर्बनला अमेरिकेचे वैशिष्ट्यपूर्ण उत्पादन मानले. ती केंटकीतीलच असावी, अशी अट मात्र नाही.

८/९
आता वयाचे गणित. नुसत्या ‘बर्बन’ला किमान वर्षांची अट नाही. ‘स्ट्रेट’साठी किमान २ वर्षे हवीत, शिवाय बाहेरून रंग वा स्वाद घालता येत नाही. वय ४ वर्षांहून कमी असल्यास ते छापणे बंधनकारक आहे. म्हणून ‘स्ट्रेट’ बाटलीवर वय नसेल, तर ती किमान ४ वर्षांची समजावी. अनेक पिंपे एकत्र केल्यास छापलेले वय सर्वांत कमी मुरलेल्या व्हिस्कीचे असते.

९/९
यांपैकी कोणताही शब्द चवीची हमी देत नाही. बाटलीत काय आहे आणि ते किती काळ मुरले, एवढेच तो सांगतो. ज्या बाजारात रंगालाच वय समजले जाई, तेथे एवढे मिळवायलाही कायदा करावा लागला.