कृष्णाकाठचे सोवळे आणि बाप्तिस्म्याचे पाणी

कराडला कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन मिळतात आणि पूर्वेकडे वळतात. प्रीतिसंगमावर स्नान करणारा पाण्याचे स्थान पाहतो आणि काळही पाहतो. गुरू कन्या राशीत आला की कृष्णाकाठी कन्यागताची पर्वणी असते. हे पुण्य पुन्हा पुन्हा जोडता येते. ख्रिस्ती बाप्तिस्मा मात्र आयुष्यात एकदाच होतो आणि त्याला पाणी कुठलेही चालते. ‘दिदाखे’ या ख्रिस्ती मंडळीच्या अगदी सुरुवातीच्या काळातल्या पुस्तिकेत वाहत्या पाण्याला पहिली पसंती आहे, पण ते नसेल तर डोक्यावर तीनदा ओतलेले पाणीही पुरते. एवढ्याशा पाण्याने एकोणिसाव्या शतकातला महाराष्ट्र का हादरला? माझ्या मते हादरा त्या विधीपेक्षा पाणी कुणाच्या हातचे प्यायचे या प्रश्नाने बसला, आणि इथे बाप्तिस्म्याचा अर्थही तिथेच कसाला लागला.

१८४३ साली मुंबईत नारायण शेषाद्री यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत अल्पवयीन होता. त्याचा बाप्तिस्मा झालाच नव्हता आणि न्यायालयाने त्याला वडिलांच्या हवाली केले. तरी मोठे वादळ उठले ते श्रीपतवरून, कारण तो मिशनऱ्यांच्या घरी राहिला आणि जेवला होता. प्रायश्चित्त देऊन त्याला परत घ्यावे म्हणून बाळशास्त्री जांभेकर झटले आणि त्याबद्दल त्यांनी सनातन्यांचा रोष ओढवून घेतला. पुण्यात १८९०च्या पंचहौद मिशन प्रकरणात तर धर्मांतराचा संबंधच नव्हता. मिशनमध्ये पुढे आलेल्या चहाच्या पेल्यांपायी न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळकांसारख्यांवर प्रायश्चित्ताची वेळ आली. ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात लक्ष्मीबाई टिळकांनी आपले सोवळे किती कष्टाने सुटले ते लिहिले आहे. त्यांचे पती नारायण वामन टिळक १८९५मध्ये ख्रिस्ती झाले, लक्ष्मीबाई १९००मध्ये. मधल्या वर्षांत नवऱ्याजवळ राहायला आल्यावरही त्यांनी आपला स्वयंपाक आणि पाणी वेगळे ठेवले. कुणाच्याही हातचे पाणी पिण्याचा त्यांचा निश्चय बाप्तिस्म्याच्या आधीचा आहे. त्या पुस्तकातला खरा कायापालट मला तिथे दिसतो, आणि मराठीत शुद्धीविषयी इतके प्रामाणिक लेखन फार थोडे आहे.

यावर धर्मशास्त्राचा अभ्यासक म्हणेल, ही गल्लत आहे. बाप्तिस्मा पापक्षालनाची खूण आहे, त्याचा विटाळाशी काय संबंध? पण नव्या करारातच हे दोन धागे गुंतलेले आहेत. मार्कच्या सातव्या अध्यायात हात न धुता जेवण्यावरून येशूचा परूश्यांशी वाद होतो. येशूचा शिष्य पेत्र परराष्ट्रीय, म्हणजे यहुदी नसलेल्या, कर्नेल्याच्या उंबऱ्याच्या आत जातो आणि मग तिथे बाप्तिस्मा होतो. तोच पेत्र पुढे अंत्युखियात परराष्ट्रीयांच्या पंगतीतून उठतो, तेव्हा पौल त्याला तोंडावर दोष देतो. दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे: ख्रिस्ती समाजाने तरी जात कुठे धुतली? गोव्यातल्या कित्येक चर्चांच्या कॉन्फ्रारिया, म्हणजे भाविकांचे संघ, जातीनुसार चालत आल्या, आणि मराठी ख्रिस्ती घरांतही सोयरीक जुळवताना पूर्वीची जात पाहिली गेली. हे नाकारण्यात अर्थ नाही. मात्र हा आरोप आपल्याला बोचतो, कारण आपणही बाप्तिस्म्याची पारख पंगतीवर आणि पाणवठ्यावरच करतो. अंतःकरणाची शुद्धी मोठी, हे वारकरी संतांनी फार आधी सांगितले होते. तरीही चोखोबांची समाधी महाद्वारापाशी, देवळाबाहेर राहिली. विचाराची उणीव इथे कधीच नव्हती. १९२७मध्ये महाडला चवदार तळ्याचे पाणी बाबासाहेब आंबेडकरांनी ओंजळीत घेतले, तेव्हा सनातन्यांनी पंचगव्याच्या घागरी ओतून ते तळे ‘शुद्ध’ केले. भांडण कशाचे होते हे त्या घागरी स्पष्ट सांगतात.

कराड ज्या सातारा जिल्ह्यात आहे, तिथेच १९१७मध्ये ना. वा. टिळकांनी मिशनची चाकरी सोडून ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, असे दोन्ही ख्रिस्तभक्त त्यात बरोबरीने यावेत अशी त्यांची कल्पना होती. अनेक ख्रिस्ती मंडळींना हे संस्काराचे अवमूल्यन वाटले. मला तसे वाटत नाही. बाप्तिस्म्यासाठी टिळकांनी घर, गोत आणि काही वर्षे पत्नीचा सहवासही गमावला होता. त्याची किंमत त्यांना कुणी शिकवायला नको होती. बाप्तिस्मा घेतलेल्यांनी इतरांपासून वेगळे बसावे, हे नवे सोवळे त्यांना मान्य नव्हते. १९१९मध्ये ते वारले आणि दरबार फार काळ टिकला नाही.