दोरीवरचं पाऊल

पाथर्डीच्या शाळेत मी कवायत शिकवायचो. मुलांचा घोटा मुरगळायचा तो बहुतेक उतारावर, नाहीतर उडी मारून खाली येताना. कारण हाडांच्या घडणीतच आहे. घोट्याच्या खोबणीत बसणारं हाड पुढून रुंद, मागून अरुंद. चवडा वर उचलला की रुंद भाग खोबणीत घट्ट बसतो. चवडा खाली झुकला की अरुंद भाग येतो आणि सांधा सैल पडतो. त्यात पाऊल आत वळलं की बाहेरच्या बाजूचे कमजोर बंध ताणले जातात.

हा घोटा स्थिर ठेवण्याची विद्या पोटासाठी कमावलेली माणसं आमच्याच तालुक्यात मढीला यायची. कानिफनाथांची यात्रा होळीपासून गुढीपाडव्यापर्यंत चालते. मढीला भटक्यांची पंढरी म्हणतात. तिथल्या नाथांच्या गडाच्या बांधकामाला गोपाळ समाजाच्या लोकांनी दगड वाहिले असं सांगतात, म्हणून होळीचा मान त्यांचा. इथे गाढवांचा बाजार भरे, जातपंचायती बसत. गावोगाव दोरीवरचे खेळ करणाऱ्या डोंबाऱ्यांचेही नाथ हेच.

जमिनीवर आपला भार टाच, अंगठ्याचं मूळ आणि करंगळीचं मूळ अशा तीन ठिकाणी पडतो. दोरीवर आडवा आधारच नाही. डोंबाऱ्याची पोर अनवाणी पाऊल दोरीला समांतर ठेवते, अंगठा आणि शेजारच्या बोटात दोर धरते आणि गुडघा किंचित वाकवते. मला सगळ्यात मोल वाटतं ते या वाकवण्याचं. नडगी पावलावर पुढे झुकते, हाडाचा रुंद भाग खोबणीत बसतो, घोटा आवळला जातो. उरलेला तोल हातातली लांब काठी सांभाळते. वजन दूरवर पसरल्यामुळे अंग हळू कलतं आणि सावरायला वेळ मिळतो. ढोलकीच्या ठेक्यावर हे सगळं लहान वयातच अंगात मुरवलं जाई. मी मुलांना मैदानात फक्कीच्या रेघेवर अनवाणी, गुडघे वाकवून चालवायचो, ते याच खेळाकडे बघून.

त्या पोरीनं शाळेत बसावं, दोरीवर नाही, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण मुंबई राज्याच्या 1959 च्या भीक प्रतिबंधक कायद्यानं सार्वजनिक जागी गाऊन, नाचून, खेळ करून पैसे मागणंही भीक मागण्यातच धरलं. पिढ्यान्‌पिढ्यांची कसरत अशी गुन्ह्यात जमा झाली. हा मला सरळ अन्याय वाटतो. दिल्ली उच्च न्यायालयानं 2018 मध्ये या कायद्यातली अनेक कलमं दिल्लीपुरती रद्द केली. महाराष्ट्रात कायदा उभाच आहे, आणि खेळ संपल्यावर थाळी फिरवणारा जाणता कसरतपटूही त्याच्या व्याख्येत बसतो.