‘निवासी’ डॉक्टर नेमके राहतात कुठे?

‘मार्डचे निवासी डॉक्टर संपावर’ ही बातमी आपण अधूनमधून वाचतोच. मीही वाचायचो, पण त्यातल्या ‘निवासी’ शब्दापाशी कधी थांबलो नव्हतो. हे लोक राहतात कुठे? उत्तर आहे, हॉस्पिटलमध्ये. अगदी शब्दशः.

१८८९ साली अमेरिकेत बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटल सुरू झालं. तिथे विल्यम हॉलस्टेड या सर्जनने शिकाऊ डॉक्टर घडवायची पद्धत बसवली. मुक्काम हॉस्पिटलमध्येच, लग्नबिग्न नाही, रात्रंदिवस पेशंट. आता या हॉलस्टेडचं ऐका. कोकेनने शरीराचा भाग बधिर करता येतो का, हे तो स्वतःवर करून बघत होता. त्यात व्यसन लागलं, ते सोडवायला मॉर्फिन दिलं, तर तेही जन्मभर चिकटलं. वर साहेब दर उन्हाळ्यात काही महिने गावाकडच्या घरी! पोरांना मात्र सुट्टी नाही.

पद्धत जगभर गेली. अमेरिकेत तासांचा विषय खऱ्या अर्थाने पेटला तो मार्च १९८४ मधल्या एका रात्रीमुळे.

न्यूयॉर्कमध्ये लिबी झायन नावाची १८ वर्षांची मुलगी ताप आणि अंगाला झटके येतात म्हणून रात्री ॲडमिट झाली. ती डिप्रेशनवर फेनेल्झिन घेत होती. तिला पेथिडीन दिलं गेलं. ही दोन औषधं एकत्र चालत नाहीत. तिला बघणाऱ्या पहिल्या वर्षाच्या डॉक्टरकडे त्या रात्री आणखी जवळपास ४० पेशंट होते. पहाटे ताप १०७ वर गेला आणि सकाळी लिबी गेली.

तिचे वडील सिडनी झायन वकील आणि पत्रकार. त्यांनी हा विषय सोडलाच नाही. ग्रँड ज्युरीने डॉक्टरांवर गुन्हा ठेवला नाही, दोष व्यवस्थेला दिला. मग डॉ. बर्ट्रंड बेल यांची समिती बसली आणि १९८९ मध्ये न्यूयॉर्क राज्यात नियम आला: आठवड्याला ८० तास, सलग २४. शिवाय शिकाऊ डॉक्टरांवर अनुभवी डॉक्टरची देखरेख हवी. बेल यांचा खरा भर या देखरेखीवरच होता, पण लोकांच्या लक्षात राहिला तो ८० चा आकडा. अख्ख्या अमेरिकेत तो लागू व्हायला २००३ उजाडलं.

मला खटकतं ते हे. तोवर किती डॉक्टर थकून कोलमडले असतील, पण नियम झाला तो पेशंट गेल्यावर, आणि तिचे वडील पत्रकार होते म्हणून. आणि ८० तास म्हणजे तरी काय? सातही दिवस रोज साडेअकरा तास. मी ऑन-कॉल असताना सर्व्हर पडला तर फार तर कुणाची ऑर्डर अडकते, तरी दुसऱ्या दिवशी माझं डोकं चालत नाही.

आपल्याकडे कागद जास्त दयाळू आहे बरं का. केंद्राच्या १९९२ च्या रेसिडेन्सी योजनेत दिवसाला १२ आणि आठवड्याला ४८ तास लिहिलेत. माझी मामेबहीण एमडीच्या पहिल्या वर्षाला आहे. तिला फोनवर म्हटलं, “अगं, तुमचे ४८ तास ठरलेत, माहितीये?”

ती म्हणाली, “हो ना. एका ड्यूटीचे.”