शिकागोने फुटबॉल सोडला, त्याचे कागद

21 डिसेंबर 1939 रोजी शिकागो विद्यापीठाच्या विश्वस्त मंडळाने आंतरविद्यापीठीय फुटबॉलमधून माघार घेण्याचा निर्णय केला. हा फुटबॉल म्हणजे अमेरिकन फुटबॉल: लांबुळका चेंडू हातात धरून पळायचे, समोरच्याला अंगावर घेऊन पाडायचे. मंडळाचे निवेदन छोटे आहे. विद्यापीठाचा खेळांवर विश्वास आहे, सगळ्या विद्यार्थ्यांसाठी शारीरिक शिक्षणाचा व्यापक कार्यक्रम त्याला हवा आहे. मात्र त्याची परिस्थिती आणि उद्देश पाहता या सामन्यांपासून त्याच्या विद्यार्थ्यांना आता विशेष लाभ होत नाही, असा त्याचा आशय. खेळ की अभ्यास, असा प्रश्नच त्या मजकुरात मांडलेला नाही.

पुढे रूढ झालेली कथा मात्र नेमकी हीच आहे. रॉबर्ट हचिन्स नावाच्या बुद्धिमान, हट्टी अध्यक्षाने ग्रंथांसाठी मैदानाला कुलूप लावले, असे ती सांगते. विद्यापीठ अभ्यासासाठीच असते असे मानणारे हचिन्स यांना नायक करतात. तारुण्य नुसते पुस्तकांत घालवू नये असे मानणारे त्यांनाच खलनायक करतात. व्यायामाची इच्छा झाली की ती ओसरेपर्यंत आपण आडवे पडून राहतो, हा प्रसिद्ध विनोदही त्यांच्या नावावर खपवला जातो. तोच विनोद इतर अनेकांच्या नावावरही फिरतो, त्यामुळे पुरावा म्हणून त्याला किंमत नाही. बखर आणि अस्सल कागद यांतला भेद आपल्याकडे इतिहाससंशोधक राजवाड्यांनी शिकवला. तो इथेही पाळला, कागद सनावळीने लावले, की कथेचे दोन्ही नायक-खलनायक बाजूला होतात आणि जास्त महत्त्वाचे काहीतरी समोर येते.

सुरुवात 1891 पासून करावी लागते. रॉकफेलर यांच्या पैशावर उभ्या राहणाऱ्या या विद्यापीठात अजून वर्गही भरले नव्हते. पहिले अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर हे हिब्रू भाषेचे पंडित. येल विद्यापीठात त्यांच्या हाताखाली शिकलेला आमोस अलोंझो स्टॅग हा गाजलेला खेळाडू त्यांना शिकागोला हवा होता. स्टॅग यांनी जानेवारी 1891 मध्ये घरच्यांना लिहिलेल्या पत्रात हार्पर यांचा मनसुबा नोंदवला आहे: देशभर पाठवता येतील आणि सगळ्या महाविद्यालयांना लोळवतील असे संघ तयार करायचे, त्यांना प्रवासाला आलिशान आगगाडीचा डबा द्यायचा, वर सुट्टीही द्यायची. वाटाघाटीत पगार 2,500 डॉलरपर्यंत गेला आणि सोबत सहयोगी प्राध्यापकाचे पद आले, तेही कायमचे. मैदानावरच्या प्रशिक्षकाला प्राध्यापकाच्या बरोबरीने बसवणे ही त्या काळी नवी गोष्ट होती.

हे पत्र मला या सगळ्या दप्तरातले सर्वांत बोलके वाटते. फुटबॉल शिकागोत बाहेरून शिरला नाही, पंडिताच्या हाताने आला. नव्या विद्यापीठाला नाव हवे होते. संशोधनाचे नाव व्हायला पिढी जाते. शनिवारी जिंकलेल्या सामन्याचे नाव रविवारच्या वर्तमानपत्रात येते. 1 ऑक्टोबर 1892 रोजी वर्ग सुरू झाले आणि त्याच हंगामात संघही मैदानात उतरला. 30 नोव्हेंबर 1905 रोजी शिकागोने मिशिगनला 2-0 असे हरवले. मिशिगन त्याआधी सलग 56 सामने अपराजित होते. सुमारे 27,000 लोक हा सामना पाहायला आले होते, आणि त्या वेळच्या विद्यार्थिसंख्येशी हा आकडा ताडून पाहिला की एवढेच कळते की प्रेक्षकांतले बहुतेक जण विद्यापीठाचे नव्हते, शहराचे होते.

त्याच हंगामात देशभर या खेळात तरुणांचे जीव गेले होते आणि राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी प्रमुख विद्यापीठांच्या लोकांना व्हाइट हाउसमध्ये बोलावून घेतले होते. जानेवारी 1906 मध्ये मध्य-पश्चिमेतल्या विद्यापीठांच्या संघटनेतले (पुढे तिलाच बिग टेन म्हणू लागले) प्राध्यापक एकत्र बसले. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला खेळवायचे नाही, कोणीही तीनपेक्षा जास्त वर्षे खेळायचे नाही, हंगामात पाचच सामने, असे नियम झाले. म्हणजे अध्यापकांचा विरोध हचिन्स यांच्या फार आधीचा आहे. नियम आले, मिशिगन रागावून संघटनेतून बाहेर पडले, शिकागोने संघटनेची 1907 आणि 1908 ची अजिंक्यपदे जिंकली आणि काही वर्षांत सामन्यांची संख्या पुन्हा वाढली.

आता अजिंक्यपदांची यादी पाहू: 1899, 1905, 1907, 1908, 1913, 1922, 1924. यादी इथे संपते. हचिन्स अध्यक्ष झाले 1929 मध्ये, वयाच्या तिसाव्या वर्षी. अपयश त्यांच्या आधीच सुरू झालेले होते. राज्य विद्यापीठे आकाराने फुगत चालली होती, शेजारच्या राज्यातले नोत्रे दाम शिकागो शहरातला प्रेक्षक ओढत होते, व्यावसायिक बेअर्स संघ गावातच खेळू लागला होता. हचिन्स यांच्या नव्या अभ्यासक्रमाने भर घातली, हे खरे. 1931 पासून हजेरी ऐच्छिक झाली, वर्गातल्या गुणांऐवजी सर्वंकष परीक्षा आल्या, आणि इतर ठिकाणी खेळाडूंना सोयीचा पडणारा शारीरिक शिक्षणाचा पदवीविषय इथे नव्हता. 1932 मध्ये सत्तरी गाठलेल्या स्टॅग यांना निवृत्तीचा नियम लावण्यात आला. मैदानाबाहेरची सन्मानाची जागा त्यांना देऊ केली होती. त्यांनी ती नाकारली, कॅलिफोर्नियातल्या एका लहान महाविद्यालयात गेले आणि तिथे 1946 पर्यंत संघ घडवत राहिले.

स्टॅग यांची जागा घेणारे क्लार्क शॉनेसी कच्चे प्रशिक्षक नव्हते. त्यांच्या हाताखाली खेळणाऱ्या जे बर्वँगर या शिकागोच्याच विद्यार्थ्याला 1935 मध्ये देशातल्या सर्वोत्तम महाविद्यालयीन खेळाडूचा पहिला चषक मिळाला. पुढे तो हाइझमन चषक म्हणून ओळखला जाऊ लागला. 1939 नंतर शॉनेसी स्टॅनफर्डला गेले आणि पहिल्याच हंगामात त्यांचा संघ एकही सामना हरला नाही. तेव्हा शिकागोच्या पराभवाचे खापर प्रशिक्षकाच्या डोक्यावर फोडता येत नाही.

1939 चा गुणतक्ता वाचताना अंगावर येतो. बेलॉइट या छोट्या महाविद्यालयाकडून 6-0 अशी हार. वॉबॅशवर विजय. मग हार्वर्ड 61, मिशिगन 85, व्हर्जिनिया 47, ओहायो स्टेट 61, आणि चारही वेळा शिकागो शून्य. ओबर्लिनवर विजय, शेवटी इलिनॉय 46-0. आठ सामन्यांत केलेले गुण 37, दिलेले 308. मिशिगनचा सामना 21 ऑक्टोबरचा होता आणि घरच्या मैदानावर होता, जिथल्या गॅलऱ्या पन्नास हजारांहून जास्त लोकांसाठी बांधलेल्या होत्या. ही मुले भाड्याने आणलेली नव्हती. ती परीक्षा देऊन, स्वतःचा अभ्यास सांभाळून शनिवारी मैदानात उतरत होती आणि ज्या संघांचा सगळा बंदोबस्तच फुटबॉलसाठी होता त्यांच्याकडून मार खात होती. मिशिगनच्या सामन्यानंतर बरोबर दोन महिन्यांनी निर्णय आला. तत्त्वाचे श्रेय हचिन्स यांना जरूर द्यावे, पण मुहूर्त गुणतक्त्याने ठरवला. 1924 सारखा हंगाम असता तर तोच निर्णय मंडळाने केला असता, असे मानायला दप्तरात आधार नाही.

त्याहून मोठा पुरावा निर्णयाच्या वर्षभर आधीचा आहे. 3 डिसेंबर 1938 च्या सॅटर्डे इव्हनिंग पोस्टमध्ये हचिन्स यांचा महाविद्यालयीन खेळांवरचा लेख आला. त्यांची भाषा धारदार आहे, पण मागणी बंदीची नाही. व्यायाम आणि खेळ यांना त्यांचा विरोध नाही. खेळाच्या नावाने चालणाऱ्या धंद्याला आहे. त्या धंद्याचे मूळ पैसा, म्हणून तिकीट दहा सेंटांवर आणा. प्रशिक्षकांना प्राध्यापकांसारखी कायम नोकरी द्या, म्हणजे त्यांचे पोट गल्ल्यावर अवलंबून राहणार नाही. जास्तीत जास्त विद्यार्थी खेळतील असे पाहा, आणि पुढे आयुष्यभर खेळता येतील अशा खेळांवर भर द्या: टेनिस, पोहणे, गोल्फ, हँडबॉल.

यातला दुसरा उपाय हार्पर यांच्या कागदाशेजारी ठेवून वाचावा. प्रशिक्षकाला कायम प्राध्यापकपद देण्याचा प्रयोग शिकागोत 1892 पासून चाळीस वर्षे झालेला होता. नोकरीची हमी असूनही मैदान मोठे होत गेले आणि गल्ला वाढत गेला. कारण भूक एकट्या प्रशिक्षकाची नव्हती. ती विद्यापीठाची होती, माजी विद्यार्थ्यांची होती, शहराची होती, आणि त्या गल्ल्यावर इतर खेळांचा खर्च भागत होता. पहिला उपाय, दहा सेंटांचा, खरोखर मुळावर घाव घालणारा होता. तो कोणीच करून पाहिला नाही, शिकागोनेही नाही. सुधारणेच्या प्रस्तावापासून पूर्ण माघारीपर्यंत एका वर्षात उडी मारली गेली, मधली पायरी तशीच राहिली. माझ्या मते या प्रकरणातली खरी चूक ती आहे.

दुसरी चूक रीतीची होती. निर्णय नाताळच्या सुट्टीत झाला. जानेवारी 1940 मध्ये विद्यार्थी परतल्यावर हचिन्स त्यांच्यासमोर बोलले. एखाद्या मोठ्या विद्यापीठाने हा खेळ सोडून दाखवणे देशाच्या भल्याचे आहे, असे त्यांनी सांगितले. भाषण उत्तम आहे, पण ते निर्णयानंतरचे आहे. ज्यांच्या लाभाचा हवाला निवेदनात दिला होता, त्यांना आधी विचारलेले नव्हते.

2 डिसेंबर 1942 रोजी याच मैदानाच्या पश्चिम गॅलरीखाली भौतिकशास्त्रज्ञ फर्मी यांच्या चमूने पहिली नियंत्रित अणुसाखळी प्रक्रिया घडवली. खेळ गेला आणि विज्ञान आले, असा अर्थ त्यातून फार जणांनी काढला आहे. तो टिकत नाही. त्या प्रयोगाची अणुभट्टी शहराबाहेर आर्गॉनच्या जंगलात उभारायची होती. तिथले बांधकाम कामगारांच्या वादामुळे रखडले, म्हणून गॅलरीखालचे रॅकेट्सचे कोर्ट वापरले गेले. बाकीचे खेळही लगेच संपले नव्हते. फुटबॉलखेरीज इतर खेळांत शिकागो 1946 पर्यंत बिग टेन संघटनेत खेळत राहिले.

1950 च्या दशकाच्या सुरुवातीला पदवीच्या विद्यार्थ्यांची संख्या दीड हजाराच्या खाली गेली. फुटबॉल नसल्याचा हा परिणाम, असे म्हणणारे तेव्हाही होते. पण त्याच काळात हायस्कूल पुरे होण्याआधी प्रवेश देणारा अभ्यासक्रम होता, आसपासच्या वस्तीत गुन्हे वाढले होते, आणि एवढ्या कारणांतून एकट्या फुटबॉलचा वाटा वेगळा काढता येत नाही. एवढे मात्र दिसते की हचिन्स यांच्यानंतर आलेल्या अध्यक्षांना विद्यार्थी फक्त परीक्षेसाठी जगत नाही, त्याला राहायला, भेटायला, खेळायला जागा लागते, याचा विचार नव्याने करावा लागला. 1939 च्या निवेदनातला व्यापक कार्यक्रम स्वतःहून उभा राहिला नव्हता.

1956 मध्ये फुटबॉल परतला तो शारीरिक शिक्षणाचा एक वर्ग म्हणून. 1963 मध्ये त्या मुलांचा बाहेरच्या महाविद्यालयाशी सराव सामना ठरला, तेव्हा विरोध करणारे विद्यार्थी मैदानात जाऊन बसले आणि सामना लांबला. बसणारेही विद्यार्थी होते आणि खेळायला आलेलेही. 1939 मध्ये जो वाद होऊच दिला नव्हता तो आता मैदानावर झाला, आणि खेळ बंद न पडता क्लब म्हणून चालू राहिला. 1969 मध्ये विद्यापीठाचा अधिकृत संघ पुन्हा उतरला. 1973 पासून तो राष्ट्रीय संघटनेच्या तिसऱ्या विभागात खेळतो, जिथे खेळाडूला खेळासाठी शिष्यवृत्ती देता येत नाही. 1986 मध्ये संशोधनावर भर असलेल्या अशाच काही विद्यापीठांबरोबर शिकागोने नवी संघटना काढली. दहा सेंटांच्या लेखात जे मागितले होते त्याच्याशी ही व्यवस्था हार्पर यांच्या आलिशान डब्यापेक्षा आणि 1939 च्या माघारीपेक्षाही जास्त जुळते, आणि ती आजही चालू आहे.