बनगाव, १९७१ : मीठ, साखर आणि पाणी

१/ १९७१. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांनी पश्चिम बंगालमधील बनगाव भरून गेले. छावण्यांत पटकीची साथ पसरली आणि शिरेवाटे द्यावयाचे सलाईन संपत आले.

२/ पटकीत आतड्याच्या पेशी क्षार बाहेर टाकतात. परासरणाचा नियम असा की क्षार जिकडे, तिकडे पाणी. त्यामुळे काही तासांत शरीर कोरडे पडते. नुसते पाणी पाजून ते भरून निघत नाही.

३/ आतड्यात ग्लुकोज आत शिरताना सोडियमला सोबत नेते, हे रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये मांडले होते. पटकीतही ही वाट खुली राहते. सोडियममागून पाणीही आत येते. तोच नियम, दिशा उलट.

४/ डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच आधारावर मिश्रण करविले : १ लिटर पाण्यात २२ ग्रॅम ग्लुकोज, ३.५ ग्रॅम मीठ, २.५ ग्रॅम खाण्याचा सोडा. ते रुग्णांना पाजण्याचे काम नातलगांनीही केले. सुमारे ३० टक्क्यांवर असलेला मृत्युदर ३.६ टक्क्यांवर आला.

५/ महालनबीस २०२२ मध्ये निवर्तले. पद्मविभूषण जाहीर झाले ते २०२३ मध्ये. मराठीत त्या मिश्रणाला ‘जलसंजीवनी’ म्हणतात.