चौकात दिलेले उत्तर

काही वर्षांपूर्वी आमच्या मोहल्ल्यातल्या वाचनालयाला एका कार्यालयाने जुने झालेले चार संगणक दिले. त्यांवर चोरून टाकलेली विंडोज होती आणि व्हायरसने ती पार खिळखिळी झाली होती. नवी विकत घ्यायला पैसे नव्हते. शिवाय मुले जिथे अभ्यासाला येतात तिथे चोरीची चीज नको, असे कमिटीतल्या बुजुर्गांचे म्हणणे होते. म्हणून आम्ही उबुंटू टाकले. तीन संगणक सुरळीत चालू झाले, चौथ्याचे वाय-फाय काही लागेना. दहावीतला एक मुलगा दोन तास झटून म्हणाला, "चच्चा, इसमें नेट नै चलरा." दुरुस्तीवाल्याने कार्डच बदलायला सांगितले आणि वर 'हे लिनक्स-फिनक्स काढून टाका' असा सल्लाही दिला.

रात्री शोधत बसलो तेव्हा नेमका आमचाच प्रश्न एका अनोळखी माणसाने चार वर्षांपूर्वी विचारलेला सापडला. त्याला तिघांनी उत्तरे दिली होती. दोन उपाय फसले होते, तिसरा लागू पडला होता. त्या चिपला लागणारे फर्मवेअर कंपनीच्या अटींमुळे उबुंटूबरोबर वाटता येत नव्हते, ते वेगळे उतरवून घ्यावे लागत होते. शेजारच्या संगणकावरून पेन ड्राइव्हमध्ये आणले, आणि दहा मिनिटांत चौथा संगणक सुरू झाला.

माझ्या मनात राहिली ती त्या पानावरची शेवटची नोंद. काम झाल्यावर तो प्रश्नकर्ता परत आला होता आणि आपण नेमके काय केले ते पायरीपायरीने लिहून गेला होता. त्याचे काम तर झालेच होते, परत येण्याची त्याला काही गरज नव्हती. तरी तो आला, म्हणून आमच्या मुलांचा संगणक चालला. ही रीत आली कुठून, या कुतूहलाने मी या विषयाचा इतिहास वाचू लागलो.

अडकलेला कागद

संगणकाच्या सुरुवातीच्या काळात एकमेकांना मदत करणे ही वापरणाऱ्यांची गरजच होती. १९५५ मध्ये अमेरिकेत आयबीएम ७०४ हे यंत्र घेणाऱ्या संस्थांनी 'शेअर' नावाचा गट काढला. एकाने लिहिलेला प्रोग्राम दुसऱ्याने पुन्हा लिहीत बसू नये, एकाला कळलेली खोट सगळ्यांना कळावी, एवढाच साधा हिशोब. त्या काळी कंपन्या यंत्रे विकत आणि प्रोग्राम त्यासोबत येत. पुढे सॉफ्टवेअर हीच विकायची वस्तू झाली आणि सोर्स कोड, म्हणजे माणसाला वाचता येईल असा प्रोग्रामचा मूळ मजकूर, कुलपात गेला.

या कुलपाशी रिचर्ड स्टॉलमन यांची गाठ १९८० च्या सुमारास पडली. ते एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत काम करत. तिथला प्रिंटर वेगळ्या मजल्यावर असे आणि कागद अडकला तरी कुणाला पत्ता लागत नसे. आधीच्या प्रिंटरच्या प्रोग्राममध्ये स्टॉलमन यांनी स्वतः बदल केला होता. कागद अडकला की छपाईची वाट पाहणाऱ्यांना पडद्यावर निरोप जाई आणि कुणीतरी उठून कागद काढून येई. मग झेरॉक्सने नवा लेझर प्रिंटर दिला, पण त्याचा सोर्स कोड दिला नाही. कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या एका संशोधकाकडे तो आहे असे कळल्यावर स्टॉलमन त्याला भेटले. त्याने नकार दिला, कारण तो कुणालाही दाखवणार नाही असा करार त्याने केला होता.

दुरुस्ती ठाऊक होती, हात तयार होते, वेळही होता. फक्त परवानगी नव्हती. स्टॉलमन यांना हा त्या संशोधकाने आपल्या सहकाऱ्यांशी केलेला द्रोह वाटला. हा नकार ते विसरले नाहीत. २७ सप्टेंबर १९८३ रोजी त्यांनी ग्नू ही मुक्त ऑपरेटिंग सिस्टिम लिहिण्याची घोषणा केली आणि १९८५ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनची स्थापना केली. कोड सर्वांना खुला, बदलायला मोकळीक, आणि बदललेला वाटलात तर पुढच्यालाही तीच मोकळीक द्यायची, ही अट १९८९ मध्ये जीपीएल परवान्याच्या रूपाने कायद्याच्या भाषेत आली.

मग अडचण आली तर विचारायचे कुणाला, हा प्रश्न तेव्हाही होताच. स्टॉलमन यांच्या ईमॅक्स या प्रोग्रामसोबत 'सर्व्हिस' नावाची एक फाइल येई. पैसे घेऊन किंवा फुकट मदत करायला तयार असलेल्यांची नावे आणि पत्ते तीत असत. १९८९ मध्ये सिग्नस नावाची कंपनी निघाली. मुक्त सॉफ्टवेअर फुकट मिळते, त्याची देखभाल आम्ही पैसे घेऊन करू, हा तिचा धंदा. तो चालला, आणि दहा वर्षांनी रेड हॅटने ती विकत घेतली. म्हणजे मेहनतीचा मोबदला घ्यायला या चळवळीची हरकत कधीच नव्हती. ज्ञान कोंडून ठेवायला होती.

आधी प्रश्न, मग लिनक्स

लिनक्सचा इतिहास सांगताना लोक २५ ऑगस्ट १९९१ ची तारीख सांगतात. त्या दिवशी हेलसिंकीचा २१ वर्षांचा विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने आपण एक ऑपरेटिंग सिस्टिम बनवत आहोत, निव्वळ हौस म्हणून, असे मिनिक्स वापरणाऱ्यांच्या यूजनेट चर्चेत जाहीर केले. पण त्याआधी, ३ जुलैला, त्याने तिथेच एक प्रश्न विचारला होता: पॉसिक्स या मानकाचे नियम कुठे मिळतील? जगातल्या बहुतेक सर्व्हरांवर आणि प्रत्येक अँड्रॉइड फोनमध्ये आज जो गाभा चालतो, त्याच्या आधी असा एका विद्यार्थ्याचा चारचौघांत विचारलेला प्रश्न आहे. फिनलंडच्याच आरी लेम्के याने त्याला फाइली ठेवायला सर्व्हरवर जागा दिली आणि फोल्डरला 'लिनक्स' हे नावही त्यानेच दिले. लिनसने ठरवलेले नाव 'फ्रीक्स' होते!

पुढे प्रश्नांचा पूर आला. तेच ते प्रश्न पुन्हा येऊ नयेत म्हणून लिनक्स डॉक्युमेंटेशन प्रोजेक्टमध्ये काही जणांनी 'हाऊ-टू' लिहायला घेतले. मोडेम कसा जोडायचा, प्रिंटर कसा लावायचा, एकाच संगणकावर दोन सिस्टिम कशा ठेवायच्या. लिहिणारे बहुतेक स्वतः त्यात अडकून बाहेर पडलेले. १६ ऑगस्ट १९९३ रोजी वीस वर्षांच्या इयान मर्डॉकने डेबियन सुरू केले. डेबियनने १९९७ मध्ये वापरणाऱ्यांशी एक 'सामाजिक करार' केला. आम्ही अडचणी लपवणार नाही, चुकांची आमची वही कायम सर्वांसाठी उघडी राहील, असे त्यात एक कलम आहे. ज्या काळात कंपन्या आपल्या मालातले दोष झाकत होत्या, त्या काळात काही तरुणांनी दोषांची यादी दारावर लावली.

त्याच १९९७ सालचा उत्कृष्ट तांत्रिक साहाय्याचा पुरस्कार 'इन्फोवर्ल्ड' या अमेरिकी साप्ताहिकाने कोणत्याही कंपनीला न देता लिनक्स वापरणाऱ्यांच्या समुदायाला दिला. ना कार्यालय, ना टेलिफोन, ना पगार. पुरस्कार घ्यायला नेमके कुणी यायचे, हेही ठरलेले नाही!

इस्नाद

या इतिहासात माझ्यासारख्या मदरशाची थोडी ओळख असलेल्या माणसाला एके ठिकाणी थबकायला होते. २००३ मध्ये एससीओ या कंपनीने आयबीएमवर दावा केला की आमच्या मालकीचा कोड लिनक्समध्ये घातला आहे. कोणती ओळ कुणाकडून आली, हे दाखवता येणे गरजेचे झाले. २००४ पासून लिनक्सच्या गाभ्यातल्या प्रत्येक बदलाखाली तो पुढे पाठवणारा आपले नाव लिहून सही करू लागला. हळूहळू आणखी नोंदी आल्या: खोट कुणी कळवली, उपाय कुणी तपासला, कुणी वाचून पाहिला.

हदीसच्या विद्यार्थ्याला हे ओळखीचे वाटेल. कुणी कुणाकडून ऐकले, त्याने कुणाकडून, ही साखळी म्हणजे इस्नाद. साखळीतला एकेक माणूस खरा होता का, त्याची स्मरणशक्ती कशी होती, हे तपासण्यासाठी मुहद्दिसांनी माणसांच्या चरित्रांचे एक अख्खे शास्त्र उभारले. दोन्हींची बरोबरी मी करत नाही, एक दीनची बाब आहे आणि दुसरी यंत्राची. पण सांगणाऱ्याने नावानिशी जबाबदारी घ्यावी आणि ऐकणाऱ्याला ती तपासता यावी, ही समज एकच आहे. आणि लिनक्सच्या साखळीत खोट कळवणाऱ्याचेही नाव येते. 'माझ्याकडे चालत नाही' एवढे नीट सांगणाऱ्याचा वाटाही तिथे मोजला जातो.

हर्फ जोडणारे

आपल्या लिपींची कहाणीही यातच आहे. वाचनालयातली मुले त्या संगणकांवर मराठी वाचतात, उर्दूही वाचतात. देवनागरीत काने, मात्रा, जोडाक्षरे सांभाळायची. उर्दूत अक्षराचे रूप शेजाऱ्याप्रमाणे बदलते आणि नस्तालीकमध्ये तर शब्द वरून खाली उतरत जातो. मुक्त प्रणालींमध्ये हे काम करणाऱ्या प्रोग्रामचे नाव हार्फबझ. नाव फारसी आहे: हर्फ म्हणजे अक्षर, बाज म्हणजे खुले. तो घडवण्यात मोठा वाटा इराणमध्ये जन्मलेल्या बेहदाद एस्फहबोद यांचा. आज फायरफॉक्स, क्रोम, लिब्रेऑफिस, अँड्रॉइड या सगळ्यांत तो आहे. तुम्ही हा लेख फोनवर वाचत असाल, तर 'दुसऱ्या'मधला अर्धा र नीट जोडून दाखवणारा बहुधा तोच.

पण प्रोग्राम लिहिणाऱ्याला प्रत्येक लिपीतली खोट दिसणार कशी? ती त्या भाषेच्या माणसालाच दिसते. मराठीचा ल आणि श हिंदीच्या छपाईपेक्षा वेगळ्या वळणाचा, हे मराठी माणसानेच सांगावे लागते. रेड हॅटच्या पुण्याच्या कार्यालयातून सांभाळल्या गेलेल्या 'लोहित' फॉन्टमध्ये मराठीसाठी वेगळा फॉन्ट होता, तो याच गरजेतून.

२००७ मध्ये काही मुस्लिम तरुणांनी 'उबुंटू मुस्लिम एडिशन' काढली, पुढे तिचे नाव 'सबीली', म्हणजे माझी वाट, असे ठेवले. नमाजच्या वेळा, कुरआनच्या अभ्यासाचा प्रोग्राम, मुलांना नको ते दिसू नये म्हणून गाळणी, हे सगळे आधीच बसवलेले. २०११ नंतर ती थांबली. वापरणारे होते, सांभाळणारे आणि नव्या अडचणींना उत्तरे देणारे हात कमी पडले की अशा प्रणाली थांबतात. मला यात आपल्यासाठी धडा दिसतो. घेणाऱ्यांच्या रांगेत आपण असतो, खोट कळवणाऱ्यांच्या आणि उत्तर लिहिणाऱ्यांच्या रांगेत फारच थोडे.

या जगात सगळे गोड होते असेही नाही. नवख्याला 'आधी पुस्तक वाच' म्हणून झिडकारणारे तिथे पुष्कळ होते. स्त्रियांना तर इतका त्रास झाला की १९९० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी 'लिनक्सचिक्स' हा स्वतःचा गट काढला. खुद्द टोरवाल्ड्स यांनी २०१८ मध्ये आपल्या तिखट भाषेबद्दल माफी मागितली. २००४ मध्ये आलेल्या उबुंटूने सुरुवातीपासून वर्तनाचे नियम लेखी ठेवले, ते उगाच नाही. अदब नसेल तर इल्म असूनही माणूस दारातून परत जातो.

कानात की चौकात

आज आमच्या मोहल्ल्यातली मुले हुशार आहेत. बंद पडलेला फोन जिवंत करतात, बिघडलेला लॅपटॉप उघडून बसवतात. पण युक्ती कुणी सांगत नाही. उस्ताद शागिर्दाला शेवटची चावी देत नाही, ही आपली जुनी खोड. आणि जे सांगतात ते बंद चॅट गटात सांगतात. तिथले उत्तर संध्याकाळपर्यंत खाली बुडते आणि महिन्याने तोच प्रश्न नव्या मुलाला पुन्हा पहिल्यापासून विचारावा लागतो. कानात दिलेले उत्तर एकाच्या कामी येते. चौकात दिलेले उत्तर चार वर्षांनी, हजारो मैलांवर, एखाद्या वाचनालयातल्या मुलाच्या कामी येते.

माणूस गेल्यावरही ज्याचा सवाब चालू राहतो अशा तीन गोष्टी आपल्याला लहानपणीच शिकवतात: सदका-ए-जारिया, लोकांच्या उपयोगी पडणारे ज्ञान आणि दुआ करणारी नेक औलाद. ज्ञान म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे जाडजूड किताबी येतात. वाय-फायचे फर्मवेअर कसे बसवायचे याच्या पाच ओळीही त्यात बसतात, असे मला वाटते.

त्या रात्रीनंतर मी एक काम केले. आमच्या चौथ्या संगणकाचा उपाय मराठीत आणि उर्दूत लिहून खुला ठेवला. यंत्राचे नाव, उबुंटूची आवृत्ती, काय फसले, काय चालले, सगळे. दहावीतल्या त्या मुलाला शेजारी बसवून लिहिले आणि खोट कळवणारा म्हणून त्याचे नाव खाली घातले. त्याने ते दोनदा वाचले. मग विचारले, "चच्चा, प्रिंटर का भी लिखूं?"