काट्याभोवतीची मंडळे

क्षयरोगावर गुणकारी औषध हाती येण्यास अद्याप सुमारे चार दशकांचा अवकाश असताना, १९०५ साली, बोस्टन येथील डॉ. जोसेफ प्रॅट यांनी मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलच्या बाह्यरुग्ण विभागात निर्धन क्षयरोग्यांचा एक साप्ताहिक वर्ग भरविण्यास प्रारंभ केला. आणि वजन घटविण्याच्या शस्त्रक्रियेनंतर रुग्ण आज ज्या आधारगटांत एकत्र बसतात, त्यांची वंशावळ शोधू गेल्यास ती या वर्गापाशी जाऊन पोहोचते. आरोग्यधामाचा खर्च या रुग्णांच्या ऐपतीबाहेरचा होता, तेव्हा इमॅन्युएल चर्चने द्रव्यसाहाय्य केले. प्रत्येक रुग्णाने आपले तापमान, आहार आणि उघड्या हवेतील विश्रांतीचे तास नोंदवहीत लिहावेत, वर्गात वजन करून घ्यावे, आणि मधल्या दिवसांत परिचारिकेने घरी जाऊन त्या नोंदींची रुजवात घालावी, असा एकंदर बंदोबस्त होता. प्रॅट यांचा मूळ हेतू निव्वळ काटकसरीचा : एकाच उपदेशात वीसपंचवीस जणांचे काम व्हावे. परंतु समदुःखी माणसे एकत्र बसली म्हणजे त्यांना परस्परांपासून जे धैर्य लाभते, ते वैद्याच्या उपदेशाहून निराळे असते, हे त्यांच्या यथावकाश ध्यानात आले. या वर्गात ज्याचे वजन वाढले तो इतरांपुढे आदर्श ठरे. पुढे अर्धशतकाने त्याच देशात काट्याभोवती जी मंडळे जमली, त्यांत कौतुकाची दिशा नेमकी उलटली.

१९३५ मध्ये ॲक्रन येथे मद्यमुक्तीसाठी स्थापन झालेल्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसने या प्रकाराला निराळे वळण दिले, कारण तेथे वर्ग चालविणारा वैद्य नव्हता; व्यसनातून उठलेला माणूसच दुसऱ्याचा हात धरी. पुण्याच्या मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्राचा ज्यांना परिचय आहे, त्यांना या पद्धतीचे सामर्थ्य वेगळे सांगावयास नको. स्थूल माणसांनी ती लवकरच उचलली. १९४८ मध्ये मिलवॉकी येथे एस्थर मान्झ यांनी ‘टॉप्स’ हे मंडळ काढले. १९६१ मध्ये न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातील गृहिणी जीन निडेच सरकारी आरोग्यखात्याच्या स्थूलता-चिकित्सालयात जाऊ लागल्या. तेथील आहार त्यांना मानवला, पण न्हाणीघरातील मळक्या कपड्यांच्या टोपलीत आपण बिस्किटे दडवून खातो, ही गोष्ट तेथे सांगवेना. ती त्यांनी घरी बोलाविलेल्या सहा मैत्रिणींना सांगितली, आणि त्या बैठकीतून दोन वर्षांनी ‘वेट वॉचर्स’ ही संस्था उभी राहिली. चिकित्सालयाच्या दप्तरात जी कैफियत कधीच दाखल झाली नसती ती मैत्रिणींपुढे निघाली, हे मला या साऱ्या इतिहासाचे मर्म वाटते. पुढे त्याच संस्थेचा मोठा व्यापार झाला. तो विषय वेगळा.

शल्यविशारदांचा मार्ग तोवर स्वतंत्रपणे चालला होता. १९५४ साली मिनेसोटातील क्रेमेन आणि लिनर यांनी लहान आतड्याचा बराच भाग वगळून अन्नाला आडवाट काढून देण्याच्या शस्त्रक्रियेचा वृत्तांत प्रसिद्ध केला. वजन उतरले, पण कित्येकांच्या मागे अतिसार, मूत्रखडे आणि प्रसंगी यकृताचा ऱ्हास लागला, आणि ती शस्त्रक्रिया अखेर सोडून द्यावी लागली. जठरव्रणासाठी जठराचा भाग काढलेल्या स्त्रिया पुढे कृशच राहतात, या निरीक्षणावरून आयोवाच्या एडवर्ड मेसन यांनी १९६६ मध्ये इतो यांच्या सहकार्याने गॅस्ट्रिक बायपास योजली. या दोन अध्यायांतून शल्यवैद्यकाने एक धडा घेतला : हा रुग्ण टाके निघाले म्हणजे मोकळा होत नाही, त्याची विचारपूस जन्मभर करावी लागते.

आता ही जन्मभराची विचारपूस कोणी करावी? गॅस्ट्रिक बायपासमध्ये जठराचा साधारण दोन मोठे चमचे मावतील एवढाच कप्पा वापरात राहतो. गोड पदार्थ घाईने खाल्ला तर तो थेट आतड्यात उतरून छाती धडधडते, घाम फुटतो, भोवळ येते. ब-१२ आणि लोह यांची उणीव वर्षानुवर्षे भरून काढावी लागते. मद्य पूर्वीपेक्षा लवकर चढते. हे सारे वैद्य सांगतो. परंतु घरच्या मंगलकार्यात आग्रहाचे ताट पुढे आले असता यजमानाला न दुखविता दोन घासांवर कसे उठावे, पहिल्या काही महिन्यांत केस मुठीने गळू लागले म्हणजे धीर कोठून आणावा, लोंबणाऱ्या त्वचेची लाज कशी गिळावी, नवऱ्याला किंवा बायकोला आपला बदललेला देह परका वाटू लागला तर काय करावे, आणि ‘सोपा मार्ग पत्करला’ या शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या टोमण्याला काय उत्तर द्यावे, यांचा इलाज चिकित्सालयाच्या चिठ्ठीवर उमटत नाही. तो तीन वर्षांपूर्वी शस्त्रक्रिया झालेल्या माणसापाशी असतो. ज्याच्यावर शस्त्रक्रिया व्हावयाची आहे, त्यालाही हा मनुष्य प्रत्यक्ष पाहावयास मिळणे हे माहितीपत्रकाच्या दहा पृष्ठांहून मोलाचे, असे माझे मत आहे. कारण उतरलेल्या वजनाबरोबर उरलेल्या अडचणीही तेथे डोळ्यांना दिसतात.

१९९१ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्यसंस्थेने भरविलेल्या परिषदेने ही शस्त्रक्रिया कोणावर करावी याचे निकष घालून दिले आणि आजन्म वैद्यकीय देखरेखीचा आग्रह धरला. १९९४ मध्ये दुर्बिणीद्वारे गॅस्ट्रिक बायपास केल्याचा वृत्तांत प्रसिद्ध झाला, जखम लहान झाली, आणि अमेरिकेत १९९८ साली सुमारे १३ हजार असलेल्या या शस्त्रक्रिया २००२ पर्यंत ७२ हजारांवर गेल्या. एवढ्या रुग्णांचा मागोवा घेणे एकट्या शल्यविशारदाच्या आवाक्याबाहेरचे होते. २००४ च्या सुमारास केंद्रांना प्रशस्तिपत्र देण्याची पद्धत पडली, तेव्हा आधारगट चालविणे हे तिच्या अटींत समाविष्ट झाले, आणि क्वीन्समधल्या बैठकीच्या खोलीत सहजगत्या घडलेली गोष्ट हजेरीपटासह नियमात बसली.

बैठकींना नियमाने येणाऱ्यांचे वजन अधिक उतरते, असे अनेक अभ्यासांत आढळले आहे. मात्र येणारे मुळातच अधिक निग्रही असतील, ही शंका त्या आकड्यांनी पुरती फिटत नाही. आणि अडचण नेमकी तेथेच आहे. पहिल्या वर्षी वजन झरझर उतरत असता माणूस उत्साहाने येतो. दोनचार वर्षांनी ते पुन्हा चढू लागले म्हणजे तोच माणूस शरमेने तोंड चुकवितो, आणि ज्याला मंडळाची सर्वाधिक गरज त्याचीच खुर्ची रिकामी राहते. जुन्या ‘टॉप्स’मध्ये वजन वाढलेल्याची सभेत थट्टा करण्याची रीत होती, ती आता कोणी उघडपणे पाळीत नाही, तरी नवागतांच्या कौतुकाच्या टाळ्यांतही अशा माणसाला तोच बोल ऐकू येत असावा. म्हणून काही केंद्रांनी पुन्हा वजन चढलेल्यांसाठी वेगळी बैठक ठेवली आहे, आणि तिचे निमंत्रण टपालाने न धाडता जुन्या सोबत्याने दूरध्वनी करून द्यावे, हे मला अधिक शहाणपणाचे वाटते.